मैला उचलू द्या म्हणून तुरुंगात अन्न कमी करणारे अप्पासाहेब पटवर्धन

इगतपुरीत पावसाळ्यात पाऊस थांबायचं नाव घेत नाही. तरी एप्रिल-मे उजाडला की त्याच तालुक्यातल्या वाड्यापाड्यांवर टँकरची वाट बघितली जाते. असं मोलाचं पाणी आपण शहरात बसून बटण दाबलं की संडासात सोडतो आणि मग ते घाण झालेलं पाणी शुद्ध करायला प्रकल्प उभारतो.

मैला पाण्यात जाऊच न देता त्याचं खत करायचं, या कामाला कोकणातल्या एका माणसाने आयुष्य वाहिलं. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजेच अप्पासाहेब, कोकणचे गांधी.

जन्म १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. घर ब्राह्मणाचं, शिक्षण एम. ए. पर्यंत. पुण्यात प्राध्यापकी केली, पण गांधीजींच्या ओढीने ती सोडली. पुढे गांधीजींची आत्मकथा मराठीत आणली ती त्यांनीच.

१९३२ साली ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. तिथे त्यांनी भंगीकाम मागितलं. तुरुंगाने नकार दिला, कारण ते काम ठरावीक जातींच्या कैद्यांचं आणि अप्पा पडले सवर्ण. मग अप्पांनी अन्न कमी केलं. येरवड्यात गांधीजींना हे कळलं आणि डिसेंबरात त्यांनीही उपवास धरला. पुणे कराराचं उपोषण होऊन जेमतेम अडीच महिने झाले होते. सरकारने फेरविचाराचं आश्वासन दिलं तेव्हा तो उपवास सुटला. पुणे करार सगळ्यांना आठवतो, हा दुसरा उपवास फारसा कुणाला आठवत नाही.

पण एकट्या सवर्णाने टोपली उचलून डोक्यावरचा मैला जाणार नव्हता. टोपलीच नको, तर संडासच बदलायला हवा होता.

१९४८ साली कणकवलीजवळ वागद्याला गोपुरी आश्रम सुरू झाला. मेलेली जनावरं सोलणं, कातडी कमावणं, गोबर गॅस असे उद्योग तिथे चालले. त्यातच सोनखताचे संडास होते. रीत साधी. मैल्यावर दर वेळी माती किंवा पालापाचोळा टाकायचा. एक खड्डा भरला की झाकून ठेवायचा आणि दुसरा वापरायचा. काही महिन्यांत आतलं सगळं कुजून माती होतं, वास राहत नाही. मैल्यातला नत्र आणि स्फुरद नदीत न जाता शेताला मिळतो. ओला मैला कुणालाच उचलावा लागत नाही, हा त्यातला सगळ्यात मोठा फायदा.

अडचण तंत्राची कमी, मनाची जास्त होती. शेणाने रोज अंगण सारवणारी माणसं सोनखत म्हटलं की नाक मुरडतात.

१० मार्च १९७१ रोजी अप्पासाहेब गेले. हाताने मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा त्यानंतर २२ वर्षांनी, १९९३ साली झाला. २०१३ साली आणखी कडक कायदा आला. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये उतरलेली माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या त्यानंतरही येतच आहेत.