एकोणचाळीस अंकी संख्येचा छडा लावणारा गणिती

१७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७. एकोणचाळीस अंकांची ही संख्या मूळ आहे, म्हणजे एक आणि ती स्वतः यांखेरीज कोणत्याही संख्येने तिला निःशेष भाग जात नाही, हे फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी १८७६ मध्ये सिद्ध केले. तेही संगणकाविना, निव्वळ हाताने आकडेमोड करून.

ल्युका यांचा जन्म १८४२ मध्ये आमियाँ येथे झाला. पॅरिसच्या वेधशाळेत त्यांनी उमेदवारी केली, १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात तोफखान्याचे अधिकारी म्हणून भाग घेतला आणि पुढे शाळामास्तरकी पत्करली.

दोनाच्या १२७ व्या घातातून एक वजा केला की वरील संख्या मिळते. मारँ मर्सेन या धर्मोपदेशकाने १६४४ मध्ये अशा मूळ संख्यांची यादी दिली होती. पुरावा मात्र दिला नव्हता. एकेका संख्येने भागून पाहायचे, तर अनेक जन्म अपुरे पडले असते. ल्युका यांनी भागाकाराची ती वाटच सोडली. तीनपासून आरंभ करायचा, दर वेळी वर्ग करून दोन वजा करायचे आणि तपासावयाच्या संख्येने भागून उरणारी बाकी तेवढी पुढे न्यायची. दोनाच्या सातव्या घातातून एक वजा करून येणाऱ्या १२७ साठी ३, ७, ४७, ४८, १६ अशी पदे येतात आणि सहावे पद शून्य होते. म्हणून १२७ मूळ! मोठ्या संख्येसाठी हाच प्रवास १२६ व्या पदापर्यंत करावा लागतो.

मर्सेनच्या यादीतील ६७ हा घातांक मात्र चुकीचा असल्याचे ल्युका यांनी त्याच वर्षी दाखवले. गंमत अशी, की ती संख्या विभाज्य आहे हे कळले, पण तिचे अवयव त्यांना ठाऊक नव्हते. ते १९०३ मध्ये अमेरिकेतील फ्रँक कोल यांनी जाहीर केले: १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७.

आपल्याकडे हे नाव फारसे परिचित नाही. त्यांचे खेळणे मात्र घरोघरी पोहोचले आहे. तीन खुंट्या आणि चकत्यांचा ‘टॉवर ऑफ हनोई’ त्यांनी १८८३ मध्ये टोपणनावाने बाजारात आणला. सोबत काशीच्या मंदिरातील चौसष्ट सुवर्ण चकत्यांची कल्पित कथाही जोडून दिली. त्या हलवायला दोनाच्या चौसष्टाव्या घातापेक्षा एक कमी इतक्या चाली लागतात. सेकंदाला एक चाल धरली, तरी सुमारे ५८ हजार कोटी वर्षे! चकत्या १२७ असत्या, तर चालींची संख्या ल्युकांची ती एकोणचाळीस अंकी संख्याच ठरली असती.

१८९१ मध्ये एका मेजवानीत वाढप्याच्या हातून काचसामान पडले. उडालेल्या तुकड्याने ल्युकांचा गाल कापला, जखम चिघळली आणि काही दिवसांतच, ३ ऑक्टोबर रोजी, त्यांचे निधन झाले. वय अवघे ४९. त्यांची पद्धत डेरिक लेमर यांनी १९३० मध्ये अधिक सुटसुटीत केली. २०२४ मध्ये सापडलेल्या चार कोटी दहा लाखांहून अधिक अंकांच्या मूळ संख्येची खातरजमाही तिनेच झाली. ल्युकांची संख्या १९५१ पर्यंत ज्ञात मूळ संख्यांत सर्वांत मोठी होती. यंत्राच्या मदतीविना सिद्ध झालेल्यांत ती आजही पहिलीच आहे.