महाराज सयाजीराव आणि पुस्तकांच्या पेट्या

नाशिकजवळच्या कवळाण्याचा गोपाळ बारा वर्षांचा होईपर्यंत निरक्षर होता. आमच्या पूर्वजांनी गिरमिटावर अंगठा उठवला. त्याच्याही नशिबी तेच येते. पण 1875 मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतले आणि तो बडोद्याचा सयाजीराव गायकवाड झाला.

या राजाने 1906 मध्ये संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. पण हाती पुस्तक नसले तर शिकलेले पोर पुन्हा विसरते. म्हणून 1910 मध्ये अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना बोलावून त्यांनी ग्रंथालयांचे जाळे विणले. पुस्तकांच्या लाकडी पेट्या खेडोपाडी फिरू लागल्या. बडोद्याच्या मध्यवर्ती ग्रंथालयात पोलादी कपाटांमधले मजले चक्क काचेचे आहेत, उजेड खालपर्यंत झिरपावा म्हणून. पुस्तकांसाठी एवढी तजवीज! महाराज 1939 मध्ये गेले.

आमच्या ग्रोनिंगनचे ग्रंथालय 2019 पासून ‘फोरम’च्या उंच इमारतीत आहे. तिथल्या सरकत्या जिन्यावर नातवंडांना आम्ही ही गोष्ट सांगतो. घरी आल्यावर ती गिरमिटाच्या कागदाची प्रत मागतात आणि सहीच्या जागची ती खूण बराच वेळ न्याहाळतात.