थॉमस बॅबिंग्टन मेकॉले

थॉमस बॅबिंग्टन मेकॉले (२५ ऑक्टोबर १८०० – २८ डिसेंबर १८५९) हे इंग्लिश इतिहासकार, संसदपटू आणि भारतीय दंड संहितेच्या मूळ मसुद्याचे प्रमुख कर्ते होते. भारतात त्यांचे नाव बहुधा १८३५च्या शिक्षणविषयक टिपणामुळे घेतले जाते. सामान्य माणसाच्या जीविताशी मात्र त्यांच्या दंड संहितेचा, विशेषतः तिच्यातील स्वसंरक्षणाच्या हक्काचा, संबंध अधिक निकटचा आहे.

जीवन

मेकॉले यांचा जन्म इंग्लंडमधील लीस्टरशायर परगण्यात रॉथली टेंपल येथे झाला. वडील झॅकरी मेकॉले हे गुलामगिरीविरोधी चळवळीतील अग्रणी होते. केंब्रिजच्या ट्रिनिटी महाविद्यालयात शिक्षण घेतल्यावर १८२६ साली मेकॉले यांना वकिलीची सनद मिळाली व १८३० साली ते संसदेत निवडून आले. १८३३च्या सनदी कायद्याने गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलात निर्माण केलेल्या कायदा सदस्याच्या पदावर पहिली नेमणूक त्यांची झाली. जून १८३४मध्ये ते मद्रासला उतरले. दिवाणी दाव्यांत युरोपियनांना असलेली अपिलाची खास सवलत त्यांनी १८३६च्या कायद्याने काढून घेतली. त्यामुळे कलकत्त्यातील गोऱ्या रहिवाशांचा मोठा रोष त्यांनी ओढवून घेतला.

दंड संहिता आणि स्वसंरक्षण

पहिल्या विधी आयोगाचे ते अध्यक्ष होते. मुंबई इलाख्याचे जॉर्ज विल्यम अँडरसन हेही आयोगाचे सदस्य होते. सहकाऱ्यांच्या आजारपणामुळे लेखनाचा पुष्कळसा भार मेकॉले यांच्यावरच पडला. मसुदा ऑक्टोबर १८३७मध्ये सादर झाला.

हल्ला परतवताना बळ वापरणाऱ्यास मसुद्याने बरीच मोकळीक दिली होती. सोबतच्या टिपणात तिचे कारण नोंदवलेले आहे. धाडसी व उतावीळ समाजासाठी कायदा करायचा असता तर अधिक निर्बंध घालणे योग्य ठरले असते. परंतु येथील लोक दरोडेखोरांचे अत्याचार निमूटपणे सोसतात, म्हणून त्यांच्यातील प्रतिकाराची वृत्ती जागवणे अधिक गरजेचे आहे, असा आयोगाचा युक्तिवाद होता. एतद्देशीय भाषा न जाणणाऱ्या, चारेक वर्षेच येथे राहिलेल्या माणसाचा हा अभिप्राय पूर्वग्रहदूषितच म्हटला पाहिजे. तरीही त्यातून निघालेला हक्क येथील प्रजेच्या हिताचा ठरला, ही गोष्ट नाकारता येत नाही.

हा हक्क स्वतःच्या शरीरापुरता नाही. दुसऱ्याचे शरीर आणि मालमत्ता यांच्या रक्षणासाठीही तो आहे. मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार किंवा अपहरण यांसाठी होणाऱ्या हल्ल्यात हल्लेखोराचा जीव गेला तरी बचाव करणारा अपराधी ठरत नाही. वेडाच्या भरात अंगावर आलेला मनुष्य स्वतः गुन्हेगार नसतो, पण त्याच्याविरुद्धही हा हक्क पूर्णपणे टिकतो. मर्यादाही स्पष्ट आहेत: सरकारी यंत्रणेकडे धाव घेण्यास अवसर असेल तर हक्क उरत नाही, आणि बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करता येत नाही. पळून गेलेल्या हल्लेखोराला दुसऱ्या दिवशी गाठून मारणे हा बचाव नव्हे, सूड होय.

उत्तरायुष्य

१८३८च्या आरंभी मेकॉले मायदेशी परतले. १८३९ ते १८४१ या काळात ते युद्धखात्याचे मंत्री होते. त्यांच्या इंग्लंडच्या इतिहासाचे पहिले दोन खंड १८४८ साली प्रसिद्ध झाले आणि १८५७ साली त्यांना उमरावपद मिळाले. ते अविवाहित होते. लंडनमध्ये निधन झाल्यावर त्यांचे दफन वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये करण्यात आले.

मसुदा मात्र दोन दशकांहून अधिक काळ पडून होता. बार्न्स पीकॉक यांनी त्यात सुधारणा केल्या आणि मेकॉले यांच्या मृत्यूनंतर, ६ ऑक्टोबर १८६० रोजी, तो कायदा झाला. १ जानेवारी १८६२पासून तो अमलात आला. स्वसंरक्षणाचा हक्क त्यात कलम ९६ ते १०६ मध्ये होता. २०१३ साली ॲसिड हल्ल्याचा समावेश जिवावर बेतणाऱ्या प्रतिकारास मुभा देणाऱ्या प्रसंगांत झाला. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हीच तत्त्वे कलम ३४ ते ४४ मध्ये आहेत.