खजिनदाराचा मुलगा: बाबासाहेबांच्या घराण्यातला हिशेब

एप्रिल जवळ आला की घाटकोपर, मुलुंडपासून अंधेरी, बोरिवलीपर्यंतच्या आपल्या वस्त्यांमध्ये जयंतीची वर्गणी सुरू होते. पावती पुस्तके छापली जातात, घरोघर फिरतात. मिरवणूक निघते, भाषणे होतात. मे महिन्यात मात्र जमा किती झाले आणि खर्च किती झाला, हे विचारणारा कार्यकर्ता एकटा पडतो. हिशेब मागणे म्हणजे अविश्वास दाखवणे, असा समज आपल्याकडे घट्ट बसला आहे. ज्या महामानवाची ती जयंती असते, त्यांचे आयुष्य पाहिले तर हा समज किती उलटा आहे ते कळते.

बाबासाहेबांना आपण घटनाकार, कायदेपंडित, धम्मप्रवर्तक म्हणून ओळखतो. हिशेबाशी असलेले त्यांचे नाते आपल्या भाषणांत फारसे येत नाही. ते व्यवसायाने लेखापाल नव्हते. पण वडील खजिनदार, स्वतः काही दिवस महालेखापालांच्या कचेरीत, पुढे हिशेबनिसांना घडवणाऱ्या संस्थेत शिक्षक आणि शेवटी देशाच्या तिजोरीवर पहारा बसवणाऱ्या घटनेचे शिल्पकार, असा तो प्रवास आहे.

हे घराणे रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातील आंबडव्याचे, आडनाव सकपाळ. आजोबा मालोजी सैन्यात होते. वडील रामजी सैन्यात सुभेदार झाले आणि लष्करी शाळेत मुख्याध्यापक म्हणून त्यांनी अनेक वर्षे शिकवले. आई भीमाबाई मुरबाडकरांच्या घरातल्या. १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव हे त्यांचे चौदावे अपत्य. निवृत्तीनंतर कुटुंब दापोलीला आणि मग साताऱ्याला आले. आई तिथेच गेली. रामजींना पुढे सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यात गोरेगाव येथे खजिनदाराची नोकरी मिळाली. दुष्काळात लोकांना काम देण्यासाठी सरकारने तिथे तलाव खोदायला घेतला होता.

१९०१ च्या सुमारास भीमराव, त्यांचे भाऊ आणि दोन भाचे सुट्टीत वडिलांकडे निघाले. मसूर स्टेशनवर कोणीच घ्यायला आले नाही. पत्र पोहोचले होते, पण शिपाई ते रामजींना द्यायला विसरला होता. मुले महार आहेत असे कळताच एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे ठरले आणि गाडी मुलांनीच हाकायची, गाडीवान बाजूने चालणार, असा तोडगा निघाला. रात्रभर त्यांना कोणी पाणी दिले नाही. बाबासाहेबांनी ही आठवण पुढे स्वतः लिहून ठेवली. आपण तिच्याकडे पाण्याच्या अंगाने पाहतो, ते बरोबरच आहे. पण आणखी एक गोष्ट नजरेत भरते. ज्या माणसाच्या हातून सरकारी कामाचा पैसा जात होता, त्याच्या मुलांना दुप्पट पैसे मोजूनही नीट गाडी मिळत नव्हती. खिशात पैसा असला म्हणून जात मिटत नाही, हा धडा त्या वयात मिळाला.

पुढे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत आले. मिळकत म्हणजे रामजींचे पेन्शन. मुलाला पुस्तक हवे असले आणि हातात पैसे नसले की रामजी लग्न झालेल्या मुलींकडे जात, पैसे उसने घेत, नाहीतर दागिना मागून गहाण टाकत. पेन्शन हाती आले की तो सोडवून परत देत. या घरात कर्ज काढले जाई ते पुस्तकासाठी, आणि ठरल्याप्रमाणे फेडलेही जाई. रामजी २ फेब्रुवारी १९१३ रोजी वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.

तिथे त्यांनी निवडलेले विषय पाहा. १९१५ साली ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था यावर लेखन. त्यानंतर पीएच.डी.साठी ब्रिटिश भारतातील प्रांतिक वित्तव्यवस्थेचा अभ्यास, जो १९२५ साली ग्रंथरूपाने आला. राज्यकर्ता जनतेकडून किती घेतो, कशावर खर्च करतो आणि केंद्र व प्रांत यांच्यात पैसा कसा वाटला जातो, हा त्या अभ्यासाचा गाभा. जातीवर निबंध लिहिणारा हा विद्यार्थी त्याच वेळी सरकारच्या वह्या तपासत होता.

शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे लंडनचे शिक्षण अर्धवट सोडून १९१७ साली ते परतले आणि करारानुसार बडोद्याला रुजू झाले. त्यांनी स्वतः लिहिले आहे त्याप्रमाणे ते महालेखापालांच्या कचेरीत उमेदवारी करत होते. सकाळी दहाच्या सुमारास बाहेर पडावे आणि रात्री आठला पारशी पथिकाश्रमात परतावे. खोली मिळाली होती ती पारशी नाव सांगून. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेला जमाव दारात उभा राहिला आणि त्यांना बाहेर पडावे लागले. राहायला जागा मिळेना. कामाठी बागेत बसून त्यांनी दिवस काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. अमेरिकेत राज्याच्या वित्तव्यवस्थेचा अभ्यास करून आलेल्या माणसाला त्या राज्याच्या हिशेब खात्यात टिकू दिले गेले नाही.

मुंबईत त्यांनी शेअर बाजारातल्या व्यवहारांवर सल्ला देण्याचा धंदा सुरू केला. सल्लागार अस्पृश्य आहे हे समजल्यावर गिऱ्हाईक येईनासे झाले आणि तो बंद पडला. नोव्हेंबर १९१८ मध्ये सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार दरमहा ४५० रुपये. तिथेही प्राध्यापकांच्या पाण्याच्या भांड्यावरून वाद झाला. परळच्या चाळीत रमाई ठरावीक रकमेत घर भागवत होत्या, कारण उरलेला पैसा लंडनच्या शिक्षणासाठी साठवायचा होता. ती बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांनी दिलेले कर्ज यांवर बाबासाहेब १९२० साली पुन्हा लंडनला गेले. १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी. मिळाली. या सगळ्याची किंमत घराने मोजली. गंगाधर, रमेश, इंदू आणि १९२६ साली राजरत्न ही मुले गेली. कोणत्याही वहीत न बसणारा हा खर्च रमाईंनी सोसला.

परत आल्यावर वकिली सुरू झाली, पण अस्पृश्य बॅरिस्टरकडे पक्षकार सहज येत नसत. जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात त्यांनी बाटलीबॉय अकाउंटन्सी ट्रेनिंग इन्स्टिट्यूटमध्ये अर्धवेळ व्यापारी कायदा शिकवला. मुंबईच्या पेढ्यांचे आणि कंपन्यांचे हिशेब पुढे ज्यांच्या हाती जाणार होते, असे विद्यार्थी त्यांच्यासमोर बसत होते. महाडचा सत्याग्रह याच काळातला. १९२५ साली भारतीय चलनाच्या चौकशीसाठी आलेल्या हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी साक्ष दिली.

१९२७ साली मुंबई कायदेमंडळात त्यांनी अर्थसंकल्पावर भाषण केले. शेतसाऱ्यातला अन्याय त्यांनी दाखवून दिला. प्राप्तिकर ठरावीक उत्पन्नाच्या वरच लागतो, पण सारा मात्र शेतकरी कितीही गरीब असो, पीक बुडो वा येवो, भरावाच लागतो, असा त्यांचा मुद्दा होता. अर्थसंकल्प वाचायचा तो गरिबाच्या बाजूने, ही शिकवण त्यात आहे.

घटना समितीत हीच नजर दिसते. केंद्र आणि राज्ये यांच्यातल्या पैशाच्या वाटपाचा अभ्यास त्यांनी विद्यार्थीदशेत केला होता. घटनेत त्या वाटपाच्या शिफारशींसाठी कलम २८० खाली वित्त आयोग आला. कलम १४८ ने नियंत्रक व महालेखापरीक्षक हे पद निर्माण झाले. मे १९४९ मधल्या चर्चेत बाबासाहेबांनी हा अधिकारी घटनेतला कदाचित सर्वांत महत्त्वाचा असल्याचे सांगितले आणि त्याला पुरेसे स्वातंत्र्य हवे असा आग्रह धरला. बडोद्याच्या महालेखापालांच्या कचेरीतून ज्यांना अकरा दिवसांत बाहेर पडावे लागले, त्यांनी बत्तीस वर्षांनी देशाच्या हिशेब तपासनीसाला घटनेचे कवच दिले.

आणि आपल्या समाजासाठी? १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली, १९४६ साली सिद्धार्थ कॉलेज सुरू केले आणि १९५३ साली मुंबईतच सिद्धार्थ वाणिज्य व अर्थशास्त्र महाविद्यालय. वाणिज्य शाखा ही व्यापारी जातींच्या मुलांची, असे समजले जाण्याच्या काळात त्यांनी आपल्या मुलांना तिथे बसवले. आजही उपनगरांतल्या आपल्या अनेक घरांत मुलगी बी.कॉम. झाली की तिला थेट स्पर्धा परीक्षेच्या वर्गात पाठवतात. सी.ए. होणे हे आपले काम नव्हे, असे घरचेच सांगतात. हा वारसा त्या घरांपर्यंत आपणच पोहोचवलेला नाही.

तथागतांनी दीघजाणू या गृहस्थाला केलेल्या उपदेशात समजीविता सांगितली आहे. आपली आवक आणि जावक ओळखून, तराजू धरणाऱ्यासारखे तोल राखून जगावे, असा तिचा अर्थ. म्हणजे हिशेब ठेवणे हे धम्माच्या बाहेरचे काम नाही.

म्हणून आम्ही कार्यकर्त्यांना तीन गोष्टी सुचवतो. यंदाच्या जयंतीचा जमाखर्च महिन्याभरात विहाराच्या फलकावर लावा. विहाराच्या आणि मंडळाच्या वह्या वस्तीतल्याच वाणिज्य शिकणाऱ्या मुलामुलींकडून तपासून घ्या. त्यातून त्यांनाही काम शिकता येईल. आणि अनुसूचित जातींसाठी राखलेला निधी दरवर्षी कुठे खर्च झाला, हे माहितीच्या अधिकारात विचारत राहा. स्वतःची वही उघडी ठेवणाऱ्यालाच सरकारची वही उघडायला सांगण्याचा अधिकार असतो. रामजी सुभेदार दागिना सोडवून मुलीच्या हातात परत देत होते, ते रक्ताच्या नात्यातही हिशेब चुकता राहावा म्हणूनच.

जय भीम! नमो बुद्धाय!