चकाकीचं गणित

ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला आपण सगळेच ओपनजीएलमध्ये चकचकीत गोळा काढतो. कोड विंडोजवर चालवा नाहीतर लिनक्सवर, गोळ्यावरचा पांढरा ठिपका दिसतोच. हा ठिपका आणला कुणी, असा मला प्रश्न पडला. उत्तर मिळालं: बुई तुओंग फॉन्ग.

जन्म १९४२, हनोई. इंजिनिअरिंग फ्रान्समध्ये केलं, १९७१ साली तो अमेरिकेतल्या युटा विद्यापीठात गेला आणि १९७३ मध्ये पीएच.डी. झाला.

त्याने केलं काय? मेसचं स्टीलचं ताट दिव्याखाली धरा, बारीक लख्ख ठिपका दिसेल. बाथरूममधल्या जुन्या प्लास्टिकच्या मगावर तोच पसरट, फिकट होतो. फॉन्गने प्रकाशाचे तीन भाग केले: सभोवारचा, पसरणारा आणि चकाकीचा. चकाकीसाठी कोनाच्या कोसाइनची पॉवर घेतली. पॉवर वाढवा, ठिपका लहान होतो. फिजिक्सचा काटेकोर नियम नाही हा, पण डोळ्यांना पटतो आणि कॉम्प्युटरला झेपतो.

१९७५ मध्ये त्याचा पेपर छापून आला. त्याच वर्षी ल्युकेमियाने तो गेला. वय अवघं ३२.

१९७७ मध्ये जिम ब्लिनने त्या गणितात सुधारणा केली आणि १९९२ साली आलेल्या ओपनजीएल स्टँडर्डमध्ये ते पोचलं. कोडमधली 'शायनिनेस' म्हणजे तीच पॉवर. फॉन्गला यातलं काहीच बघायला मिळालं नाही.

आणखी एक गंमत. त्याचं आडनाव खरं तर 'बुई', व्हिएतनाममध्ये ते आधी लिहितात. म्हणजे सगळं जग त्याला मित्रासारखं नावानेच ओळखतं! तेव्हा व्हायव्हाला फॉर्म्युला सांगाल, तर जोडीला हा माणूसही सांगा.