पहिल्याच सिनेमाने गाजलेली, तरी विसरली गेलेली दिग्दर्शिका: लिओंटीन सागान

पहिलाच सिनेमा, मागचा काळ आणि शाळा म्हटलं की आपल्याला सुजय डहाकेंचा 'शाळा' आठवतो. त्याच्या 80 वर्षं आधी बर्लिनमध्ये लिओंटीन सागान यांनीही पहिल्याच सिनेमासाठी शाळा निवडली होती, पण ती मुलींना घरापासून तोडून ठेवणारी निवासी शाळा होती.

सागान यांचा जन्म 1889 चा, ऑस्ट्रिया-हंगेरीतला. लहानपणाचा बराच काळ दक्षिण आफ्रिकेत गेला. पुढे बर्लिनला त्या माक्स राइनहार्ट यांच्याकडे अभिनय शिकल्या आणि नाटकं बसवू लागल्या. क्रिस्टा विन्स्लो यांचं एक नाटक त्यांनी बसवलं. विन्स्लो स्वतः पॉट्सडॅमच्या अशाच शाळेत शिकलेल्या. त्या नाटकावरून 1931 मध्ये 'मेडशेन इन युनिफॉर्म' आला.

गोष्ट 1910 च्या सुमाराची. प्रशियन अधिकाऱ्यांच्या मुलींची शाळा, पोटभर जेवण नाही, शिस्त मात्र बराकीसारखी. आई नसलेली मानुएला एका मायाळू शिक्षिकेच्या प्रेमात पडते. मुख्याध्यापिका तिला सगळ्यांपासून तोडते आणि ती जीव द्यायला निघते. नाटकात ती मरते, सिनेमात मैत्रिणी तिला वाचवतात. आणि पडद्यावर एकही पुरुष नाही!

समीक्षकांनी सिनेमा डोक्यावर घेतला. जपानच्या 'किनेमा जुनपो' मासिकाने त्याला 1933 चा सर्वोत्तम परदेशी सिनेमा ठरवलं. अमेरिकेने आधी अडवला, मग कात्री लावून सोडला. नाझींनी बंदीच घातली.

पण कौतुकातही गोम होती. बहुतेकांना त्यात फक्त लष्करी शिस्तीवरची टीका दिसली, मुलीचं प्रेम कडेला राहिलं. शिवाय श्रेयनामावलीत कलात्मक देखरेखीसाठी कार्ल फ्रोलिश यांचं नाव होतं, त्यामुळे यशाचा मोठा वाटा त्यांच्या खात्यावर गेला. हेच फ्रोलिश पुढे नाझी राजवटीत चित्रपट संस्थेचे प्रमुख झाले. 1947 मध्ये झिगफ्रीड क्राकाउअर यांनी वेगळीच शंका काढली: सिनेमा सत्तेला नाकारत नाही, तिने थोडं माणुसकीने वागावं एवढंच मागतो. शेवट पाहिला तर ही शंका अगदीच फोल वाटत नाही.

सागान यांचा इंग्लंडमधला पुढचा सिनेमा पडला. लंडनच्या रंगभूमीवर मात्र त्यांनी आयव्हर नॉव्हेलो यांची संगीत नाटकं गाजवली, मग त्या दक्षिण आफ्रिकेत परतल्या.

1970 च्या दशकात स्त्रियांच्या चित्रपट महोत्सवांनी हा सिनेमा पुन्हा बाहेर काढला. 1981 मध्ये बी. रुबी रिच यांनी तो दोन स्त्रियांमधल्या प्रेमाची गोष्ट म्हणून वाचला. सागान 1974 मध्येच प्रिटोरियात वारल्या होत्या.