वजनाचा हिशेब मांडणारे बिल बाउअरमन

सकाळी फिरायला निघताना आपण सहज हलके बूट चढवतो. हा हलकेपणा ज्यांनी ध्यास घेऊन शोधला, ते बिल बाउअरमन.

1911 साली अमेरिकेतील पोर्टलंड येथे त्यांचा जन्म झाला. ऑरेगन विद्यापीठात त्यांनी सुमारे दोन तपे धावपटू घडवले. बूट 28 ग्रॅमने हलका झाला, तर धावपटूला मैलभरात एकूण 25 किलो वजन कमी उचलावे लागते, असे त्यांनी मांडले. आकडेमोडीत आयुष्य गेलेल्या आम्हाला हा हिशेब फार भावला.

1964 मध्ये शिष्य फिल नाइट यांच्यासह त्यांनी कंपनी काढली. तीच पुढे 'नायकी' झाली. 1971 मध्ये पत्नी बार्बरा यांच्या वॅफलच्या साच्यात त्यांनी बुटाचा तळ घडवून पाहिला. साचा वाया गेला, पण हलक्या, घट्ट पकडीच्या तळाची वाट सापडली.

या धडपडीची किंमतही मोठी होती. कोंदट जागेत गोंदाच्या वाफांनी त्यांच्या पायांच्या नसा दुखावल्या. इतरांना वेग देणाऱ्या बाउअरमन यांना स्वतःच्या बुटांतून धावता येईना. 1999 मध्ये ते निवर्तले.

दुकानात बूट हातात तोलून पाहताना आपण त्यांचाच हिशेब पुढे चालवत असतो.